डिंक आणि अळीव

"नको आत्या, मगाशीच खाल्लाय," उज्ज्वला म्हणाली.

"कुणाचा?" मी विचारलं.

तिनं दाराकडं बघितलं. दारात कुणी नव्हतं. स्वयंपाकघरातून खोबरं खोवल्याचा खर्र खर्र आवाज येत होता.

"तुमचाच," ती हळूच म्हणाली.

"मग अजून एक खा. पोरगी रडून रडून लालबुंद झाली, दिसत नाही का तुला?"

मी तिच्या हातात डिंकाचा लाडू ठेवला आणि तो संपेपर्यंत पलंगापाशी उभी राहिले. लाडू म्हणजे काही सुपारीएवढा नव्हे. माझी मूठ मोठी आहे आणि मी मुठीच्या मापानं वळते. तिनं पाण्याबरोबर तो कसाबसा ढकलला. मांडीवर माझी नऊ दिवसांची नात टाहो फोडत होती.

ही गोष्ट तेवीस वर्षांपूर्वीची, कराडची. उज्ज्वला माझी सून, धैर्यशीलची बायको. मला ती आत्या म्हणते, आमच्याकडं सासूला तसंच म्हणतात. तिचं माहेर तळकोकणात, कुडाळला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हे तर ठरलेलंच असतं. पण सातव्या महिन्यात तिच्या पायांवर सूज आली, रक्तदाब चढला, आणि आमच्या डॉक्टर बर्गेबाईंनी घाट उतरून जायला साफ मनाई केली. मला आतून आनंदच झाला, खोटं कशाला बोलू! सून माहेरी जाणार नाही एवढंच मला कळलं. माहेर उठून माझ्या घरी येईल, हे काही डोक्यात आलं नाही.

बाळंतपणानंतर चौथ्या दिवशी ते आलं. विहीणबाई कुंदा सावंत, सोबत एक ट्रंक, पोतंभर नारळ, दोन किलो अळीव आणि त्यांची आडाळी. आडाळी म्हणजे खोबरं खोवायची विळी. माझ्या घरात खोबरं खोवायला विळी नाही, असं त्या धरूनच चालल्या होत्या.

आल्या आल्या त्यांनी काय केलं असेल? चहासुद्धा न पिता माझा लाडवांचा डबा उघडला आणि नाक आत घातलं.

"मेथी जास्त पडलीय का हो ताई? कडवट वास येतोय."

"बाळंतिणीला कडूच लागतं, विहीणबाई. आमच्याकडं खारीक, खोबरं, गोडंबी, खसखस, सगळं घालून करतात. डिंक तर मी निवडून निवडून घेतलाय."

"असेल. पण आमच्याकडं अळिवाचाच लाडू. ओलं खोबरं, गूळ आणि अळीव. दोन दिवसांत अंगावर पाझर फुटतो."

"अळीव होय! ते आमच्याकडं पाखरांना घालतात," मी म्हटलं. साफ थाप होती. पण तिचं तोंड असं काही झालं की मला दिवसभर बरं वाटलं.

तिथून जे सुरू झालं, ते काही थांबेना. तिचे लाडू ओल्या खोबऱ्याचे, दोन दिवसांच्या वर टिकायचे नाहीत. त्यामुळं दिवसाआड सकाळी ती माझ्या गॅसचा ताबा घ्यायची. मला चहाला थांबावं लागायचं, माझ्याच घरात! मी मुद्दाम त्याच वेळी डिंक तळायला काढायची. ती कढई खाली उतरवायची, मी परत वर चढवायची. तोंडानं दोघी गोड. "होऊ दे हो तुमचं." "नाही नाही, तुमचं आधी." आणि मनात एकमेकींचा उद्धार.

एकदाच काय ते आम्ही एका बाजूला झालो. समोरच्या थोरातवहिनी बाळ बघायला आल्या आणि डबा बघून म्हणाल्या, "मुलगीच ना? मग एवढा घाट कशाला घातलात शालनताई?"

"मुलगी काय हवा पिऊन मोठी होती का?" मी म्हटलं. "चहा घ्या आणि निघा."

कुंदाबाईंनी वळून माझ्याकडं बघितलं.

आता खरी काळजी सांगते. पोर रडायची. प्यायला घेतली की चार घोट प्यायची, ठसका लागायचा, तोंड बाजूला करून किंचाळायची, पाय पोटाशी घ्यायची. शी हिरवट, फेसाळ. जन्मताना वजन दोन किलो आठशे होतं, ते आठव्या दिवशी अडीचवर आलं. बर्गेबाई म्हणाल्या होत्या, चौदाव्या दिवशी परत काट्यावर ठेवू, तोवर भरलं नाही तर वरचं दूध सुरू करावं लागेल.

"पावडरचा डबा या घरात येणार नाही," मी धैर्यशीलला बजावलं. त्या बिचाऱ्यानं तो आणलाही नव्हता.

"अगं आई, डॉक्टर सांगतील तसं करू ना."

"डॉक्टर नाही, कुणीही सांगू दे. माझ्या सुनेच्या अंगावर दूध नाही, असं मी कुणाला म्हणू देणार नाही."

तसं बघायला गेलं तर दूध होतं. तिचं पोलकं कायम ओलं. दोरीवर बाळाच्या दुपट्यांपेक्षा हिचीच फडकी जास्त वाळत असायची. पण पोर रडतीय म्हणजे पोट भरत नाही आणि पोट भरत नाही म्हणजे दूध पाणचट आहे, यात मला तिळमात्र शंका नव्हती. आणि दुर्दैव असं, की याच एका बाबतीत माझं नि कुंदाबाईंचं एकमत होतं.

"दाट व्हायला डिंक पाहिजे," मी म्हणायची.

"डिंकानं पोट जड होतं बाळंतिणीचं. अळीव पाहिजे," ती म्हणायची.

मी दोनाचे तीन लाडू केले. तिनं पण वाढवले असणार, कारण तिची आडाळी आता रोज वाजायला लागली. मग मी तिनाचे चार केले. वर दुधात शतावरी, दुपारी खसखशीची खीर. उज्ज्वलाला एकदा खोलीत एकटी गाठून मी विचारलं, "खरं सांग, आईचे लाडू किती खातेस?"

"नाही खात आत्या. तुमचेच खाते."

"मग त्या देतात त्यांचं काय करतेस?"

"एखादा घास खाते. आईला वाईट वाटायला नको."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं हो! त्या दिवशी मी कुंदाबाईंना स्वतः होऊन गॅस मोकळा करून दिला. करा म्हटलं, करा, कोण खातंय तुमचं! गंमत म्हणजे त्या पण खोलीतून बाहेर आल्या की तशाच तोऱ्यात असायच्या. माझ्याकडं बघून गालातल्या गालात हसायच्या. मला वाटायचं, बाईला काही कळत नाही.

बाराव्या दिवशी बारसं. सोप्यात पाळणा बांधला, पंधरावीस बायका जमल्या. नाव ठेवलं शाल्मली. घुगऱ्या वाटल्या आणि बायकांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "दूध पुरतं ना गं?"

"पुरेल की," कुंदाबाई म्हणाल्या. "आता माझ्या अळिवाचा गुण यायला लागलाय."

एवढ्या बायकांत! माझ्या सोप्यात, माझ्या नातीच्या बारशाला!

"अळिवाचा?" मी म्हटलं. "विचारा की तुमच्या लेकीला, कुणाचे लाडू खाती ते."

"विचारायला कशाला पाहिजे? माझी लेक मला सांगते सगळं."

बायकांच्या घुगऱ्या चावायच्या थांबल्या. उज्ज्वला भिंतीला टेकून बसली होती, चेहरा लाल, डोळे ओढलेले. मला वाटलं, बारशाची दगदग झाली असेल. मी आत गेले, डबाच घेऊन आले. मागं वळून बघते तर कुंदाबाई पण आपला डबा घेऊन हजर.

"घे," मी म्हटलं.

"नको आत्या. मळमळतंय मला."

"रिकाम्या पोटी मळमळतंच. घे."

"पित्त झाला असात," तिची आई म्हणाली. लेकीशी बोलताना ती त्यांच्या बोलीत शिरायची. "माझो अळिवाचो लाडू खा गो बाय. बरां वाटात."

उज्ज्वलानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा आईकडं. मग दोन्ही हातांत दोन लाडू घेतले आणि एक घास याचा, एक घास त्याचा, असे दोन्ही संपवले. सगळ्या बायका हसल्या. कुणीतरी म्हणालं, नशीबवान आहे बाई! मी पण हसले. तिच्या हनुवटीवर घाम आला होता, तो मी बघितला होता. खोटं नाही सांगत, बघितला होता. पण मला त्या वेळी कुंदाबाईंच्या डब्यात किती शिल्लक आहेत, तेच बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला हुडहुडी भरली. दोन रजया घातल्या तरी दात वाजत होते. मी अंगाला हात लावला तर चटका बसला. पदर बाजूला केला. डावी बाजू दगडासारखी टणक, वर तांबडा पट्टा, हात लावू देईना. पोर भुकेनं आकांत करत होती आणि ही तिला जवळ घेताना ओठ चावत होती.

"काय झाला गो तुका?" म्हणत कुंदाबाई धावत आल्या. बघितलं आणि मटकन खाली बसल्या. मग वर माझ्याकडं बघून म्हणाल्या, "मेथी!"

"अळीव," मी म्हटलं.

धैर्यशील खेकसला, "दोघी गप्प बसा आणि रिक्षात बसा."

बर्गेबाईंनी तपासलं. काट्यावर बाळ ठेवलं. दोन किलो सहाशे. मी काट्याकडं बघत राहिले. एवढं करून!

"आहार काय चाललाय?" बाईंनी विचारलं.

आता आमची पाळी! मी पुढं सरसावले. "सगळं यथास्थित. दुधात शतावरी, खसखशीची खीर, आणि डिंकाचे लाडू, मेथी घालून. दिवसाला चार."

"चार?"

"हो. घरचं तूप."

कुंदाबाई मागून म्हणाल्या, "ह्यांचे ती खात नाही हो डॉक्टर. ती माझे खाते. अळिवाचे. दिवसाला चार."

बर्गेबाईंनी पेन खाली ठेवलं. उज्ज्वलाकडं बघितलं. "कुणाचे खातेस गं?"

उज्ज्वला छताकडं बघत म्हणाली, "दोघींचे."

"म्हणजे आठ?"

"काल दहा झाले. बारसं होतं."

मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? मला राग आला. ही पोरगी माझ्याशी खोटं बोलली, याचा राग. आठ मुठींएवढे लाडू त्या एवढ्याशा जिवानं पोटात घातले, हे नंतर कळलं.

बर्गेबाई तशा शांत. पण त्या दिवशी त्यांचा आवाज चढला. "कुणी सांगितलं दूध कमी आहे म्हणून? हिला दूध गरजेपेक्षा दुप्पट येतंय! बाळाच्या घशात लोटा उपडा केल्यासारखं जातंय. ते ठसकतं, हवा गिळतं, पोट दुखतं म्हणून रडतं. सुरुवातीच्या पातळ दुधानंच पोट फुगतं, मागचं दाट दूध प्यायला जागाच राहत नाही. आणि ते रडलं, की तुम्ही परत हिला लाडू देता."

"पण लाडू तर बाळंतिणीला..." मी म्हटलं.

"द्या ना. एक द्या. एक लाडू खाल्ल्यानं कुणाचं काही बिघडत नाही, कौतुक होतं, पोटाला आधार होतो. पण बाळ जेवढं ओढेल तेवढं दूध येतं, लाडू मोजून येत नाही." मग त्या उज्ज्वलाकडं वळल्या. "दोन दिवस इथंच राहा. औषध सुरू करू. दुखलं तरी त्या बाजूनं पाजायचं सोडू नकोस. एका वेळी एकच बाजू दे. आत पू धरला तर मात्र चीर द्यावी लागेल, आणि मग त्या बाजूनं पाजता येईल की नाही, मी सांगू शकत नाही." आणि आमच्याकडं न बघताच म्हणाल्या, "तुम्ही दोघी बाहेर थांबा."

बाहेर म्हणजे दाराला लागूनच बाक होतं. त्याच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला ती. आतून शाल्मलीचं रडणं ऐकू येत होतं आणि मधूनच उज्ज्वलाचं कण्हणं.

"कोंबडीला दाणे भरवतात तसं भरवलंत माझ्या पोरीला," कुंदाबाई म्हणाल्या.

"आणि तुम्ही काय उपास घडवलात?"

"मी आई आहे तिची."

"मग आईला दिसला नाही होय पोरीचा चेहरा?"

"तुम्हाला तरी दिसला का? तुम्हाला दिसत होता फक्त डबा. एवढा हट्ट! तुमच्या पोटची असती, तर असं नसतं केलंत."

हे तिनं म्हणायला नको होतं. बत्तीस वर्षं मी जे कुणाला बोलले नव्हते, धैर्यशीलच्या बापालासुद्धा नाही, ते मी दवाखान्याच्या बाकावर बसून त्या बाईला सांगितलं. तेही सांगितलं नाही, अंगावर फेकलं.

"पोटच्या पोरीचं मला सांगू नका. माझी पहिली पोरगी शोभा. ती झाली तेव्हा सासूनं डिंक तळून ठेवला होता, खारका कुटून ठेवल्या होत्या. मुलगी झाल्याचं कळलं आणि तिनं ते सगळं गाठोड्यात बांधलं आणि माझ्यासमोर नणंदेकडं पाठवलं. नणंदेला मुलगा झाला होता. मला भाकरी आणि आमटी. आई नव्हती मला, ट्रंक घेऊन यायला. सव्वा महिन्यात दूध आटलं. शोभा पावडरच्या डब्यावर वाढली, आणि सासू येईल जाईल त्याला सांगायची, हिच्या अंगातच दूध नाही. पुढं मुलगा झाला तोवर सासू गेली होती. माझे लाडू कोण करणार? मीच जावांना केले, पुतण्यांच्या बायकांना केले, शोभाच्या दोन्ही बाळंतपणांना केले. म्हटलं, माझ्या हातून कुणा बाळंतिणीला कमी पडायचं नाही. कळलं?"

मला दम लागला होता. कुंदाबाई माझ्याकडं बघत होत्या. मला वाटलं, आता ही डोळ्यांना पदर लावेल. कसलं काय!

"मग ते तुमच्या सासूला सुनावायचं होतं," ती म्हणाली. "माझ्या पोरीवर कशाला काढलंत?"

मी तोंड फिरवलं. बाई बोलली ते बरोबर होतं आणि तिला बरोबर म्हणायची माझी तयारी नव्हती.

दार नुसतं लोटलेलं होतं. आतून उज्ज्वलाचा आवाज आला, "आत्या, आई, आत या."

आम्ही गेलो. तिच्या हाताला सलाईन लावलेलं, शाल्मली उजव्या कुशीत. तापानं ओठ सुकले होते.

"मला ऐकू आलं सगळं," ती म्हणाली. "आत्या, तुमच्या सासूबाई वाईटच वागल्या. पण मी तुम्हाला किती वेळा नको म्हटलं?"

मी सलाईनच्या नळीकडं बघत राहिले.

"आई, तुला किती वेळा म्हटलं?"

आईनं चादरीची सुरकुती सरळ केली.

"फेकून द्यायची हिंमत झाली नाही. तुम्ही दोघी डोळ्यांसमोर संपवायला लावत होता. मग म्हटलं, खाऊन टाकू आणि दोघींना खोटं सांगू, निदान भांडण तरी नको. मला रात्रंदिवस मळमळायचं. पोरीला तोंडात देताना भीती वाटायची, आता परत ठसकेल म्हणून. आणि ती रडली, की तुम्ही डबा घेऊन यायचात." तिनं शाल्मलीला आणखी जवळ ओढलं. "आता हिला पाजता नाही आलं ना, तर मी तुम्हा दोघींचं तोंड बघणार नाही."

सासूला कोणी असं बोलतं का? आमच्या घराण्यात कुणी बोललं नव्हतं. मी पदर तोंडाला लावून बाहेर आले आणि बाकावर बसून ढसाढसा रडले. दुसऱ्या टोकाला कुंदाबाई रडत होत्या. एकीनंही दुसरीला उगी उगी म्हटलं नाही.

दोन दिवस आम्ही आलटून पालटून थांबलो. थंड पाण्याच्या घड्या ठेवायच्या, पोर उचलून द्यायची, आणि कुणी काही विचारलं नाही तर बोलायचं नाही. उज्ज्वला दुखऱ्या बाजूला पोर लावायची तेव्हा तिची टाच गादीवर घासली जायची. मी ते बघत बसायची. लाडवाचं नाव काढायचा धीर नव्हता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप उतरला. तिसऱ्या दिवशी बर्गेबाईंनी दाबून बघितलं आणि म्हणाल्या, चीर द्यायला नको, गाठ विरघळतीय.

आणखी पाच दिवसांनी शाल्मली काट्यावर दोन किलो नऊशे भरली. ठसका गेला. रडायची, पण माणसासारखी रडायची.

त्या दिवशी दवाखान्यातून आल्यावर उज्ज्वला थेट स्वयंपाकघरात आली. बाळंतीण सव्वा महिना स्वयंपाकघरात येत नाही, पण तिला अडवणार कोण? तिनं दोन्ही डबे टेबलावर घेतले. माझ्या डब्यातून एक लाडू काढला, मोडून अर्धा घेतला. आईच्या डब्यातून एक काढला, अर्धा घेतला. दोन अर्धे वाटीत ठेवले.

"हा माझा आजचा," ती म्हणाली. "उद्याचा उद्या, मी मागितला तर."

"आणि एवढे राहिलेत ते?" मी विचारलं. माझ्या डब्यात सोळा होते. आदल्याच दिवशी कुंदाबाईंनी पण ताजे केले होते. हात स्वस्थ बसत नव्हते ना बाईचे.

"ते तुम्ही दोघींनी संपवायचे." तिनं दोन ताटल्या मांडल्या. माझ्यापुढं अळिवाचा डबा सरकवला, आईपुढं डिंकाचा. "बसा. माझ्यासमोर."

आणि हातात वाटी घेऊन, पलंगापाशी मी उभी राहायची ना, तशीच ती उभी राहिली.

बसलो. करता काय! कुंदाबाईंनी डिंकाच्या लाडवाचा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि मेथी लागल्यावर डोळे बारीक केले. मला बरं वाटलं. मग मी अळिवाचा उचलला. मऊ होता, जायफळाचा वास होता, खोबरं दाताखाली येत होतं. तिला सांगणार नव्हते, पण चांगला झाला होता. मी दुसरा घास घेतला आणि तो तोंडात तसाच घोळवत बसले.

जन्मभर शेकड्यांनी लाडू वळले मी. चव बघायला चिमूटभर तोंडात टाकली असेल तेवढीच. माझ्यापुढं ताटली मांडून, बस आणि खा म्हणून, बाळंतिणीचा लाडू मला कुणी दिला नव्हता. पंचावन्न वर्षांची झाले होते मी. शोभाला दोन पोरं झाली होती. आणि दिला कुणी, तर या बाईच्या हातचा! मी खाली मान घालून खात राहिले. डोळ्यांतलं पाणी ताटलीत पडलं, ते मी बोटानं पुसलं. अर्ध्या घासात मान वर केली तर कुंदाबाई चघळायची थांबून माझ्याकडंच बघत होत्या. दवाखान्यातलं सगळं तिच्या लक्षात होतं, हे तिच्या तोंडावरून कळत होतं.

माझी ताटली रिकामी झाली. तिनं डब्यात हात घातला, एक लाडू उचलला आणि माझ्यापुढं धरला.

"अजून एक घ्या."

मला हवा होता. देवाशपथ सांगते, इतकं काही खावंसं मला कधी वाटलं नव्हतं. पण तिच्यापुढं हात पसरायचा? मी मान उडवली आणि म्हटलं, "नको."

मला वाटलं, आता ती आग्रह करेल. आपल्यात करतातच. पण तिनं आधी लेकीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, लाडू डब्यात परत ठेवला आणि झाकण लावलं.